तिसरा फाळ

बाबालाल मिस्त्रींचा डावा पाय गुडघ्याखालून कापावा लागला, तो माझ्यामुळे. आमच्या भागातली जुनी माणसं अजूनही सांगतात की मिस्त्री रोज्याच्या उपाशी पोटी नांगराच्या इंजिनावर बसले, भर उन्हात त्यांचा डोळा लागला आणि इंजिन उलटलं. ही गोष्ट मी रचलेली आहे. चावडीत, सगळ्या गावासमोर, मीच ती पहिल्यांदा सांगितली. तेव्हा मी वीस वर्षांचा होतो, हे सबब म्हणून सांगत नाही. वीस वर्षांच्या माणसाला खरं-खोटं कळतं. मलाही कळत होतं.

महाराजांच्या कारकिर्दीची ती अखेरची वर्षं. आमचं गाव कोल्हापूरच्या पूर्वेला, पंचगंगेकाठच्या काळ्या रानातलं. ही जमीन उन्हाळ्यात अशी तडकते की भेगेत कोपरापर्यंत हात जातो, आणि कुंद्याच्या मुळ्या तिच्यात पुरुषभर खोल उतरलेल्या असतात. कुंदा म्हणजे एक हट्टी गवत. वरून कापलं तर महिन्याभरात दुपटीनं येतं. ते उपटायला मोठा लाकडी नांगर लागायचा, बाभळीच्या खोडातून घडवलेला, दोन गड्यांनाही उचलायला जड. तसा नांगर आमच्याकडे होता आणि गावात आमच्या घराची ओळख तीच होती. चार बैल आमचे, चार भाऊबंदांचे, असे आठ बैल जुंपून माझे वडील, आबा, गावातली निम्मी रानं नांगरून द्यायचे. सकाळी बैलांच्या गळ्यातल्या घुंगुरमाळा आधी एकेक वाजायच्या, मग आठही बैल चालीला लागले की सगळ्यांचा मिळून एकच आवाज व्हायचा. त्यात आबांची आरोळी, जुवाचं करकरणं, आणि ढेकूळ उलटताना जाड कापड फाटावं तसा येणारा आवाज. आता तो आवाज ऐकलेली माणसं गावात बोटावर मोजण्याइतकी उरली आहेत.

दुपारी आई डोक्यावर पाटी घेऊन रानात यायची. ज्वारीच्या भाकऱ्या, हिरव्या मिरचीचा खर्डा, मडक्यात ताक, कधी भाजलेली वांगी. दहा-बारा माणसं बाभळीखाली बसायची आणि आई प्रत्येकाच्या हातावर भाकरी ठेवताना त्याच्या बैलाचीही चौकशी करायची. जेवून झालं की आबा पुढच्या रानात जाऊन एक ढेकूळ उचलायचे, मुठीत दाबायचे, फोडायचे, वास घ्यायचे आणि सांगायचे, ‘‘हितं सा बैल पुरं.’’ किंवा ‘‘आठ लागतील, आनि नांगर दोन बोटं वर घ्या.’’ रान बघून बैल ठरवायचे आणि बैल बघून खोली, एवढंच त्यांचं शास्त्र होतं. ते मी लहानपणापासून बघत आलो होतो. पण त्यातलं एकच माझ्या मनात पक्कं बसलं, आणि तेच चुकीचं होतं. तासाच्या, म्हणजे नांगराच्या एका ओळीच्या, मध्यात जुवाची खुंटी मोडली किंवा दोर तुटला की शेजारच्या रानातली माणसं हुर्यो करायची. मोडणं ही त्या घराची नामुष्की असायची. दुसऱ्या दिवशी तो माणूस जाड खुंटी घालूनच रानात यायचा. जे मोडतं ते कच्चं, त्याच्या जागी पक्कं घालायचं, असं मी समजून बसलो.

कोल्हापूरला बोर्डिंगात राहून मी मॅट्रिक झालो. आमच्या गावातला पहिलाच. गावच्या इनामदारांनी, त्यांना आम्ही सरकार म्हणत असू, मला शेतीचा कारकून म्हणून ठेवून घेतलं. सरकारांना नव्याची हौस होती. त्यांनी मुंबईहून विलायती यंत्रांचं एक जाडजूड पुस्तक मागवलं होतं आणि ते वाचू शकणारा गावात मी एकटा होतो. त्यांच्या ओसरीवर बसून मी ते मोठ्यानं वाचायचो आणि मराठीत सांगायचो. तेलावर चालणारं नांगराचं इंजिन, म्हणजे आज ज्याला सगळे ट्रॅक्टर म्हणतात ते, त्यांच्या मनात भरलं. त्याच्यामागे किती फाळांचा नांगर ओढता येईल, असं त्यांनी विचारलं. पुस्तकात एक तक्ता होता. मी पहिल्या रकान्यात बोट ठेवलं आणि ठसक्यात सांगितलं, ‘‘तीन, सरकार. आबांचा नांगर एक तास मारतो तेवढ्यात हा तीन मारील.’’ सरकार हसून म्हणाले, ‘‘तुझ्या बापाला सांगून ये जा.’’ मी खरंच घरी जाऊन सांगितलं. आबा भाकरी खात होते. ते म्हणाले, ‘‘कुठल्या रानात?’’ मी म्हणालो, ‘‘रानात म्हणजे रानात!’’

इंजिन आलं, त्याच्यामागे तीन फाळांचा ओढता नांगर आला, आणि दोन्ही चालवायला कोल्हापूरहून बाबालाल शिकलगार आले. पस्तिशीचे, काटकुळे, कानाजवळ पेन्सिल खोचलेले. त्यांच्या घराण्यात हत्यारांना धार लावायचं काम. त्यांनी मात्र गुऱ्हाळांवरची तेलाची इंजिनं दुरुस्त करता करता सगळं शिकून घेतलं होतं. कोल्हापूर भागात कुठल्या गुऱ्हाळाचं इंजिन बिघडलं की बाबालालना बोलवा, असं तेव्हा होतं. हे नाव त्यांनी पंधरा वर्षं राबून कमावलेलं होतं. ते इंजिनाशी बोलायचे. ‘‘का गं बया, आज का रुसलीस?’’ म्हणायचे आणि कान लावून ऐकायचे. त्यांची राहायची सोय सरकारांच्या बंद गुऱ्हाळात, आमच्या मळ्याशेजारी होती. आईला ते अक्का म्हणायचे, मला चिडवायला कारकूनसाहेब आणि लाडात आले की दत्तोबा.

ते आले आणि आठ दिवसांत रमजान लागला. भर उन्हाळा. पाण्याचा थेंब न घेता माणूस दिवसभर तापल्या लोखंडावर बसतो, हे आईला बघवेना. पहिल्याच दिवशी ती म्हणाली, ‘‘बाबालालभाऊ, कामाचं दीस हायती. देव समजून घील की.’’ ते हसले. ‘‘अक्का, बारा वर्साचा हुतो तवापासनं एक रोजा सुटला न्हाय. आता मोडला तर आमची आई कबरीतनं उठून काठी घील.’’ मग आईनं वाद घातला नाही. रोज दिवस मावळायच्या वेळी ती स्वतः गुऱ्हाळाशी जायची. तांब्याभर पाणी, गुळाचा खडा, आणि मऊ राहावी म्हणून फडक्यात गुंडाळलेली भाकरी. मिस्त्री आभाळाकडे बघत थांबायचे, आणि आईही तांब्या धरून त्यांच्याबरोबर आभाळाकडे बघत उभी असायची. मी हे रोज बघत होतो. पुढे मी जे केलं ते हे बघून केलं.

इंजिन आणि नांगर यांच्या जोडणीत एक लाकडी खुंटी बसवायची असे. मिस्त्रींनी सागाच्या डझनभर खुंट्या तासून पिशवीत ठेवल्या होत्या. पहिल्या दिवशी नांगर रानात घातला, इंजिन शंभर पावलं गेलं आणि खुंटी कट्‌कन मोडली. नांगर मागे राहिला, इंजिन पुढे गेलं. बांधावर सगळं गाव जमलं होतं. कुणीतरी ओरडलं, ‘‘पावणं, शेपूट पडली तुमची!’’ हसण्याचा असा गलका उठला की बैल बुजले. मिस्त्री शांतपणे उतरले, दुसरी खुंटी घातली. ती साठ पावलांवर मोडली. तिसरी चाळिसावर.

ते माझ्याजवळ आले आणि हळू आवाजात म्हणाले, ‘‘दत्तोबा, एक फाळ काढू या. ह्यो नांगर असा हाय की मागचा फाळ सुटा हुतोय. दोन फाळांवर झ्याक चालंल बघा. पुढचं चाक हलकं पडतंय, मला बुडाला कळतंय.’’

‘‘पण पुस्तकात तीन लिहिलेत.’’

‘‘पुस्तकवाल्यानं ही काळी बघितली हाय व्हय?’’

‘‘मग खुंट्या जाड करा. त्याच कच्च्या आहेत.’’

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग लहान मुलाला समजवावं तसं म्हणाले, ‘‘अवो, ती मोडायसाठीच हाय की. बैल अडला तर हुबा ऱ्हातोय. कितीबी आसूड मारा, न्हाय हालत. ह्या बयेला अडल्यालं कळत न्हाय. नांगूर अडला तर ही चाकं गरगरा फिरवनार, आनि चाकाला जागा न्हाय घावली की सोताच मागं उलथी हुनार. त्या टायमाला खुंटी मोडली तर मी वाचलो.’’

इतकं स्पष्ट सांगितलं होतं. समजलं नव्हतं, असं म्हणायला मला जागा नाही.

त्या संध्याकाळी मी पुस्तक पुन्हा उघडलं. तक्त्याला तीन रकाने होते. मी वाचला तो वाळूमिश्रित हलक्या जमिनीचा होता. तिसरा रकाना भारी जमिनीचा. त्यात दोन फाळ, आणि खाली बारीक अक्षरात, खोली कमी ठेवावी. जे आबांनी दोन शब्दांत विचारलं होतं, ते तिथे छापलेलं होतं. माझ्या कानशिलांत आग झाली. सरळ सरकारांकडे जाऊन ‘चुकलं’ म्हटलं असतं तर ते फार तर हसले असते. एक फाळ काढायला अर्धा तास लागला असता. पण चार दिवसांनी सरकारांनी आसपासच्या गावच्या पाटील-इनामदारांना इंजिनाची नांगरट बघायला बोलावलं होतं, सगळीकडे तीन फाळांचा बोभाटा झाला होता, आणि मला बांधावरचं ते हसणं पुन्हा ऐकायचं नव्हतं. मी ते पान फाडलं आणि पेटीत कपड्यांखाली घातलं. मिस्त्रींना सांगितलं की सरकारांचा हुकूम आहे, तीनच फाळ. सरकारांनी असं काहीही सांगितलेलं नव्हतं.

‘‘हुकूम हाय म्हणताय तर चालवतो,’’ ते म्हणाले. ‘‘खुंट्या भरपूर हायती. मोडू द्यात, लोक हासू द्यात. हासून काय अंगाला भोकं पडत न्हाईत.’’

त्या दिवशी सकाळीच सरकारांच्या रानाला जत्रेचं रूप आलं होतं. मांडव, पाहुण्यांना बसायला खुर्च्या, एका बाजूला बायका. मिस्त्रींनी इंजिनाला नारळ वाढवू दिला, कुंकू लावू दिलं, आणि मग हात धुवायला ते ओढ्यावर गेले. मी माझ्या सदऱ्यातून एक लोखंडी खिळा काढला. गुऱ्हाळातल्या चरकाचा होता तो, अंगठ्याएवढा जाड. सागाची खुंटी ठोकून काढली, सदऱ्यात लपवली आणि तिच्या जागी तो खिळा घातला. चमकू नये म्हणून तेलात माती कालवून वरून फासली. सगळं मिळून दोन मिनिटं लागली नसतील. मी उभा राहिलो तेव्हा एका नामुष्कीचा बंदोबस्त केला, असं वाटत होतं.

पहिलं तास सुरेख गेलं. तीन पट्टे एकदम उलटले, काळेभोर, आणि कुंद्याच्या पांढऱ्या मुळ्या वर आल्या. पाहुणे उठून उभे राहिले. सरकारांनी लांबून माझ्याकडे बघून मिशीला हात लावला. दुसऱ्या तासाला इंजिन बांधाजवळच्या कडक पट्ट्यात शिरलं आणि त्याचा आवाज बदलला, खोल गेला. मिस्त्री मान वळवून मागे बघू लागले. त्यांनी नांगर उचलायची दोरी ओढली, नांगर वर आला नाही. खुंटी का मोडत नाही, हे त्यांना उमगत नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि एक हात वर करून हलवला, थांबतो, अशा अर्थानं. सगळे पाहुणे बघत होते. मी हातानं खूण केली, पुढे चला. त्यांनी माझं ऐकलं.

मग पुढची चाकं जमिनीवरून उठली. घोडा दोन पायांवर उभा राहतो तसं ते इंजिन उभं राहिलं आणि तसंच मागे कलंडलं. मिस्त्रींनी बाजूला उडी घेतली, म्हणून जीव वाचला. डावा पाय खाली राहिला. त्यांची किंकाळी मला आठवत नाही. आठवतं ते इंजिनाची दातेरी चाकं आभाळाकडे तोंड करून फिरत होती, ते.

आबा आठही बैल घेऊन धावत आले. इंजिनाला साखळी लावून ओढायचं ठरलं, पण आधी नांगर सोडवायला हवा होता. ‘‘मी सोडवतो,’’ म्हणत मी पुढे झालो. लोकांना वाटलं, पोरगं धीराचं आहे. मी खिळा ठोकून काढला, धोतराच्या ओच्यात लपवला, आणि सकाळची सागाची खुंटी पहारीच्या घावानं मोडून तिथे टाकली. मिस्त्री माझ्यापासून चार हातांवर पडले होते आणि ‘‘या अल्ला, या अल्ला’’ म्हणत होते. मी मान वर केली तेव्हा आबा साखळी हातात धरून माझ्याकडेच बघत होते. मग त्यांनी बैलांना हाक दिली. बैलांनी एका दमात इंजिन बाजूला केलं.

मिस्त्रींना गाडीतून कोल्हापूरच्या दवाखान्यात नेलं आणि दुपारी चावडीत सरकारांनी सगळ्यांसमोर मला विचारलं, ‘‘इतके दिवस नांगर अडला की खुंटी मोडत होती. आज काय झालं?’’ मी मोडकी खुंटी त्यांच्यापुढे ठेवली. म्हणालो, ‘‘मोडली, सरकार, पण उशिरा. मिस्त्रींनी वेळेवर इंजिन थांबवायला हवं होतं.’’ एवढ्यावर थांबलो असतो तरी माझं भागलं असतं. पण सरकारांची नजर माझ्यावरून हलेना, म्हणून मी पुढचं बोललो. ‘‘त्यांचा रोजा आहे. पोटात अन्न नाही, पाणी नाही. त्यांचा डोळा लागला असावा.’’

चावडीत एकदम सगळे बोलायला लागले. ‘‘तरीच!’’ ‘‘उपाशी मानसाला इंजनावर बशिवलंच कशाला?’’ ‘‘जरा पेंगल्यागत दिसत हुता बरं का.’’ एकानं तर डोळे मिटलेले स्वतः बघितले होते. लोकांना कारण हवं होतं आणि मी दिलेलं कारण त्यांना सोयीचं वाटलं. चार दिवसांत ते बारा गावांत पोहोचलं.

त्या दिवशी मावळतीला आईनं सवयीनं तांब्या भरला, गूळ काढला आणि मग तशीच चुलीपुढे बसून राहिली. मला म्हणाली, ‘‘दत्तू, त्यो झोपला न्हवता. मी बायकांत हुबी हुते. त्यो तुझ्याकडं बघून हात करत हुता.’’

‘‘तुला लांबून काय दिसतंय?’’

‘‘तू सरकारास्नी खरं सांगितलंस न्हवं?’’

‘‘व्हय,’’ मी म्हणालो.

आबांनी रात्री ताटावर बसल्यावर एकच प्रश्न विचारला, ‘‘खुंटी का मोडली न्हाय?’’ मी ‘मोडली की’ म्हणालो. त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही, मरेपर्यंत. पण रानात ढेकूळ फोडून ते मला दाखवायचे, ते त्यानंतर त्यांनी बंद केलं.

मी दवाखान्यात गेलो नाही. आई एकदा गेली, भाकरी घेऊन. पुढे कळलं की पाय गेला, आणि बरे झाल्यावरही कुणी गुऱ्हाळवाला मिस्त्रींना इंजिनाला हात लावू देईना. एक पाय नसला तरी त्यांचे कान आणि हात शाबूत होते. बसून दुरुस्ती करता आली असती. पण झोपाळू मिस्त्री म्हणून त्यांचं नाव झालं होतं. रोजा धरणारा माणूस इंजिनावर नको, असं दुसऱ्या मुसलमान कामगारांनाही काही ठिकाणी ऐकवलं गेलं, असं मी नंतर ऐकलं. तेही माझंच पीक. वर्षभरानं बाबालाल बिऱ्हाड घेऊन बायकोच्या माहेरी नेसरीकडे गेले, एवढं समजलं. मी समजून घेतलं ते एवढंच. बाकी या तीस वर्षांत मी आधी कारकून होतो, मग सोसायटीचा चिटणीस झालो, लग्न झालं, मुलं झाली, गावानं मान दिला. माणूस खोटं पोटात घेऊन चांगला जगू शकतो. मी जगलो.

संस्थान गेलं. गेल्या वर्षी आमच्या सोसायटीनं ट्रॅक्टर घ्यायचं ठरवलं. आता नांगर मागे ओढत नेत नाहीत. तो ट्रॅक्टरच्या पाठीवरच बसवतात, आणि एक दांडी हलवली की तो उचलतो, टेकतो. तरुण पोरं छापील कागद घेऊन माझ्याकडे आली. ‘‘काका, तीन फाळांचा घ्यायचा का? नवं मशीन हाय, दमदार.’’ मी म्हणालो, ‘‘दोन.’’ ‘‘का?’’ ‘‘आपल्या काळीत दोनच.’’ एकजण म्हणाला, ‘‘पर का, काका? तुमी कधी चालवलाय व्हय इंजनाचा नांगूर?’’ दुसरा हसत म्हणाला, ‘‘त्यास्नी म्हाईत हाय गा. त्यांच्या टायमाला झोपाळू मिस्त्री न्हवता का.’’ ती पोरं तेव्हा जन्मलीही नव्हती. दुसऱ्या दिवशी मी नेसरीची एसटी धरली.

नेसरीच्या बाजारपेठेमागच्या बोळात एक म्हातारा फळीवर बसून उजव्या पायानं धारेचं चाक फिरवत होता. विळे, खुरप्या, अडकित्ते यांचा ढीग. डाव्या गुडघ्याखाली धोतर दुमडलेलं. शेजारी एक म्हातारी गिऱ्हाइकांशी अर्ध्या कानडीत हुज्जत घालत होती. त्या खैरूनभाभी, मिस्त्रींच्या बायको.

‘‘काय लावायचं, पावणं?’’ म्हाताऱ्यानं वर न बघता विचारलं.

‘‘बाबालालभाई, मी दत्तू. आबांचा.’’

चाक थांबलं. त्यांनी मला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. ‘‘कारकूनसाहेब! अरं, म्हातारा झालास की. अक्का हायती?’’

‘‘गेली. सात वर्षं झाली.’’

‘‘बाबौ,’’ ते म्हणाले आणि हातातला विळा खाली ठेवला. ‘‘बस. खैरून, च्या टाक.’’

चहा होण्याआधी मी सगळं सांगितलं. पान, हुकूम, खिळा, माती, खूण, चावडी. मध्ये थांबलो असतो तर पुन्हा सुरू करता आलं नसतं. त्यांनी एकदाही अडवलं नाही. मी संपवल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, ‘‘म्हंजी मी झोपलो न्हवतो?’’

‘‘न्हवता.’’

‘‘पक्कं?’’

‘‘पक्कं. तुम्ही माझ्याकडे बघून हात केलात. मी पुढे चला म्हणालो.’’

त्यांनी भिंतीला डोकं टेकलं. ‘‘तीस सालं म्या डोसक्याला खाजवून खाजवून आठवतोय. हात केल्याचं आठवतंय, तुजी खूण आठवतीया, डोळा लागल्याचं काय आठवत न्हाय. पर सारी दुनिया म्हणतीया तर लागला असंल, असं धरून चाललो.’’

खैरूनभाभी हातात कप घेऊन दारात उभ्या होत्या. माझ्याकडे बघून म्हणाल्या, ‘‘त्या सालापासनं एक रोजा धरला न्हाय ह्यांनी. घरात समदी धरत्यात. ह्ये एकलं तिकडं तोंड करून जेवत्यात. म्हनत्यात, मी रोज्याची लाज घालवली, आता कुठल्या तोंडानं धरू.’’

पाय गेला, काम गेलं, नाव गेलं, हे मी तीस वर्षं मोजत आलो होतो. हे माझ्या मोजणीत नव्हतं. मी फळीपुढे वाकलो आणि त्यांच्या पायाला हात लावायला गेलो. त्यांनी पाय मागे घेतला.

‘‘एकच हाय, त्यो तरी सोड,’’ ते म्हणाले. ‘‘आनि हितं माझ्या बोळात रडून काय उपेग? त्ये झोपेचं खोटं तू मला कुठं सांगितलंवतंस? ज्यांनी ऐकलं त्यांस्नी सांग जा.’’

‘‘सांगतो. महिन्याभरात नव्या ट्रॅक्टरची पहिली नांगरट आहे. सगळं गाव असेल.’’

‘‘मी येतो,’’ बाबालाल म्हणाले. ‘‘मला ऐकायचंय.’’

ते आले, काखेत कुबडी घेऊन, खैरूनभाभींचा हात धरून. पोरांनी त्यांना ओळखलं नाही; चार-पाच म्हाताऱ्यांनी ओळखलं आणि त्यांची बोलणी थांबली. मी त्यांना ट्रॅक्टरजवळच्या खुर्चीवर बसवलं. ड्रायव्हरला थांब म्हणालो. माझी बायको आणि मुलं समोर होती, त्यांनाही मी यातलं काही सांगितलेलं नव्हतं. बाबालाल कुबडीवर हनुवटी टेकून माझ्या तोंडाकडे बघत होते.

‘‘ह्ये बाबालाल मिस्त्री,’’ मी म्हणालो. ‘‘इंजनावर ह्यांचा डोळा लागला, असं तुम्ही ऐकलंय. त्ये खोटं हाय. मी सांगितलंवतं. फाळ जास्त लावलं मी, लोखंडाचा खिळा घातला मी, ह्यांनी थांबतो म्हणून हात केला तवा चला म्हणून खूण केली मी. ह्ये जागं हुतं. रोजा ह्यांचा नीट हुता, त्याच्यात काय खोट न्हवती. बाबालालभाई, माझं तोंड वाचवायला मी तुमचा रोजा पुढं केला. पाय तर देऊ शकत न्हाय, गेल्याली सालं देऊ शकत न्हाय. माझ्या गावासमोर तुमची माफी मागतो.’’